परत आलेला ट्रे

माणसं मला दिसत नाहीत.
मला दिसतात वाट्या.
सातव्या मजल्यावरून लिफ्टने खाली येतात,
आणि कुणी किती टाकलं, कुठल्या बाजूने टाकलं,
यावरून मी माणूस ओळखते.

सत्तावीस वर्षं त्सुरुओकाच्या या इस्पितळात
पेज करते मी.
पहिल्या दिवशी नुसती वरची निवळ.
मग तीन भाग शितं, सात भाग निवळ.
मग निम्मं-निम्मं.
मग अख्खी पेज, जिच्यात चमचा जरासा अडतो.
पोट काढलेल्या माणसाला
एवढ्या पायऱ्या चढून भातापाशी यावं लागतं.
कुणी कुणी दुसऱ्या पायरीवरच बसून राहतं.

त्याआधी नळी.
थेट आतड्यात, रात्रभर, थेंब थेंब.
ते अन्न औषधांच्या खोलीतून जातं.
त्याला वाफ नाही, त्याची वाटी परत येत नाही.
त्याबद्दल मी काय बोलणार?

नोव्हेंबरात एक कार्ड आलं :
सुगावारा कियोहारू, वय एकाहत्तर. जठर पूर्ण काढलेले.
दिवसातून सहा वेळा, थोडे थोडे.
जेवताना पाणी नाही.
प्रत्येक घास तीस वेळा चावणे.

नाव मी दोनदा वाचलं.
नदीकाठचं कुट्टूच्या शेवयांचं दुकान, सहा स्टुलं,
मी बारा वर्षांची, वडिलांच्या शेजारी,
आणि काउंटरपलीकडून हाच माणूस ओरडला होता,
चावतेस काय? ओढ आणि गीळ!
शेवयांची चव दातांना नाही, घशाला कळते.

पहिल्या दिवशी वाटी भरलेलीच परत.
वर साय धरलेली.
दुसऱ्या दिवशी बोटभर कमी.
तिसऱ्या दिवशी चाटूनपुसून रिकामी. मी खूश,
तोच वरून फोन :
चार मिनिटांत संपवलं त्यांनी.
घामाने न्हायलेत, हात थरथरतायत, छाती धडधडतेय.

आहारवाल्या उएमात्सुबाई म्हणाल्या,
पोट म्हणजे ओसरी.
आलेला तिथे टेकतो, दम खातो, मग आत जातो.
ओसरीच नसली
की सगळे चपलांसकट माजघरात.

मी त्यांचा चमचा बदलला.
मुलांच्या वॉर्डातला ठेवला, इवलासा,
दांडीवर ससा.
चिडून फेकतील असं वाटलं होतं.
चमचा धुऊन परत आला.

बाराव्या दिवशी कार्डावर शेवया.
कुट्टूच्या नाहीत, त्या अजून जड.
गव्हाच्या, अगदी गाळ शिजवलेल्या,
पेरापेराएवढ्या कापलेल्या.
कापताना मान वर होईना माझी,
जणू ते काउंटरपलीकडे उभेच आहेत.
वाटीत दोन तुकडे उरले होते,
आणि कार्डाच्या मागे पेन्सिलीने :
फार शिजल्यात. बरं केलंत.

घरी जायच्या सकाळी शेवटचा ट्रे खाली आला.
अकरा किलो उतरलेला माणूस
वर कुठेतरी पट्ट्याला नवं भोक पाडत असणार.
भात पाऊण संपलेला, मासा निम्मा,
आणि कार्डामागे या वेळी तीन ओळी :
चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, चावू नका.
सतराव्यांदा चावताना भात गोड लागतो.
तुम्हाला ठाऊक होतं?

नव्हतं.
रोज तेरा किलो तांदूळ धुते मी,
आणि जेवते उभ्यानेच, पातेली विसळता विसळता.

त्या दुपारी बसले.
एक घास घेतला, मोजायला लागले.
नवावर मित्सुए विचारायला आली,
उद्याचे सलगम सोलायचे की तसेच ठेवायचे.
सांगितलं तिला.
पुन्हा एकपासून.